पावती नव्हे, हिशेब हवा!

एके काळी या देशात रेडिओ ऐकण्यासाठीही परवाना लागत असे. घरात रेडिओ आला की त्याचे परवान्याचे पुस्तक यावयाचे, दरवर्षी पोस्टाच्या खिडकीशी उभे राहून फी भरावयाची आणि त्या पुस्तकावर शिक्का मारून घ्यावयाचा. नूतनीकरण विसरले तर दंड ठरलेला. 1980 च्या दशकात सरकारने ही पद्धत मोडीत काढली आणि ते योग्यच केले. परंतु त्या पद्धतीतला एक विनोद आज आठवतो. ऐकणाऱ्याने दरवर्षी सरकारदारी हजेरी लावावयाची. बोलणारे मात्र खुद्द सरकारच, त्यामुळे त्याला जाब विचारणारा कोणी नाही! आज ऐकणारा मोकळा झाला आहे. बोलणारेही पुष्कळ झाले आहेत आणि त्यांतले बरेचसे व्यापारी आहेत. पण बोलणाऱ्याला जाब विचारण्याची सोय अजूनही झालेली नाही. खासगी नभोवाणी केंद्राला एकदा परवाना मिळाला की 15 वर्षे त्याला चिंता नाही. आणि मुदत भरत आली की चर्चा होते ती एकाच गोष्टीची, पैसे किती भरावयाचे? त्या शहराने 15 वर्षे काय ऐकले, कोणत्या भाषेत ऐकले आणि कोणाची भाषा त्या लहरींवर उमटलीच नाही, हा प्रश्न सरकारच्या नियमांत कोठेही विचारलेला नाही. आजच्या अग्रलेखाचा विषय हाच आहे, आणि त्यासाठी आम्ही वाचकांना इंदूरला नेणार आहोत.

बेळगाव, निपाणी, खानापूरच्या माणसाला इंदूरच्या नभोवाणीशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. त्याला आमचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. 1924 साली बेळगावजवळच्या सुळेभावी गावी जन्मलेले कुमार गंधर्व 1948 साली आजारी देह घेऊन इंदूरशेजारच्या देवासला गेले आणि तेथेच राहिले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानांवर माळव्याच्या बायाबापड्यांची गाणी पडली. त्या माळवी लोकधुनांनी त्यांचे गाणे पालटले, आणि त्यांच्यामुळे माळव्याच्या त्या गाण्यांना साऱ्या देशात मान मिळाला. सीमेवरचा माणूस दुसऱ्या भाषेच्या मुलखात गेला, स्वतःची भाषा न सोडता त्या मुलखाची झाला आणि त्या मुलखाला श्रीमंत करून गेला. भाषा भाषेला मारीत नाही. मारतो तो तिला जागा नाकारणारा नियम. शिवाय लहरींना सीमा कळत नाही, हे आम्हा सीमावासीयांहून अधिक कोणाला ठाऊक असणार? 1950 साली धारवाडचे आणि 1963 साली सांगलीचे केंद्र सुरू झाले. ज्या घरात धारवाडचे गाणे ऐकले त्याच घरात सांगलीच्या मराठी कार्यक्रमासाठी काटा फिरवला गेला. आपल्या भाषेचा आवाज घरात येण्याचे मोल काय असते, ते काटा फिरवणाऱ्या त्या बोटांना विचारावे.

आता इंदूर पाहा. होळकरांची ही राजधानी. येथे मराठी माणूस पोट भरण्यासाठी काल-परवा आलेला नाही. शहराच्या घडणीत तो पिढ्यान्‌पिढ्या सामील आहे. मराठी साहित्य संमेलन इंदुरात एकदा नव्हे, तीनदा भरले: 1917 साली गणेश जनार्दन आगाशे यांच्या, 1935 साली औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या आणि 2001 साली विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली. महाराष्ट्रातल्याही कित्येक शहरांना जो मान लाभला नाही तो या शहराला लाभला. 2011 च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे 12 लाखांहून अधिक होते. मराठी नाटकाला इंदुरात आजही प्रेक्षागृह भरते. अशा शहरात मराठीला श्रोता नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

याच इंदुरात 22 मे 1955 रोजी आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. तेव्हा मध्य प्रदेश राज्य आजच्या रूपात जन्मलेही नव्हते. इंदूर मध्यभारतात होते. या केंद्राने माळवी बोलीला माइकपुढे मानाने बसवले. शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातली नंदाजी-भेराजी ही जोडी माळव्याच्या खेड्यापाड्यांत घरच्या माणसांसारखी ओळखली गेली. नभोवाणीने मनात आणले तर ती एखाद्या बोलीला केवढी प्रतिष्ठा देऊ शकते, याचा हा पुरावा इंदूरच्याच मातीतला आहे. हा पुरावा मनात ठेवावा आणि पुढची कथा वाचावी.

2001 हे वर्ष इंदूरच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात राहील. त्या वर्षी तेथे मराठी साहित्य संमेलन भरले. आणि त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला तेथे पहिले खासगी एफएम केंद्र, रेडिओ मिर्ची, सुरू झाले. एकाच शहरात, एकाच वर्षी, एकीकडे मराठीचा महोत्सव आणि दुसरीकडे नभोवाणीचे नवे युग. या दोहोंची गाठ पडेल असे कोणालाही वाटले असते. ती पडली नाही. पुढे दुसऱ्या टप्प्यात इंदूरला आणखी खासगी वाहिन्या आल्या आणि त्यांनी आपला व्यवहार हिंदीत थाटला. हिंदीबद्दल आमची तक्रार नाही. ती त्या शहराची मोठी भाषा आहे. आमची तक्रार त्या नियमांबद्दल आहे, ज्यांनी शहराची दुसरी एखादी भाषा असू शकते हे ध्यानातच घेतले नाही.

हे नियम कसे घडले ते वाचकांनी नीट समजून घ्यावे. 1999 साली सरकारने 40 शहरांतल्या 108 वाहिन्यांचा लिलाव पुकारला. परवाना 10 वर्षांचा आणि फी ठराविक, पण ती दरवर्षी 15 टक्क्यांनी चढत जाणारी. बोली सुमारे 425 कोटी रुपयांपर्यंत चढली आणि सरकार हरखून गेले. परंतु बोली लावणे वेगळे आणि केंद्र चालवणे वेगळे! 108 पैकी जेमतेम 21 वाहिन्या 12 शहरांत टिकून चालल्या. फीच्या ओझ्याखाली धंदाच मोडतो असे दिसल्यावर 2005 साली दुसरा टप्पा आला. त्यात एकदाच भरावयाची प्रवेश फी आणि पुढे उत्पन्नाच्या 4 टक्के, अशी पद्धत बसली. 2011 साली तिसरा टप्पा जाहीर झाला आणि परवान्याची मुदत 15 वर्षांची झाली. पहिल्या टप्प्यापासून चालत आलेल्या केंद्रांचे परवाने 31 मार्च 2015 ला संपत होते. त्यांना नव्या टप्प्यात जाण्याची मुभा मिळाली. त्यासाठीचे शुल्क लिलावातून निघणाऱ्या किमतीच्या आधाराने ठरले, केंद्रचालकांनी ते भरले आणि त्यांना 15 वर्षे मिळाली. ही मुदत मार्च 2030 मध्ये भरते. नियमाप्रमाणे परवान्याला मुदतवाढ नाही. म्हणजे पुढे काय करावयाचे, पुन्हा शुल्क घेऊन पुढची मुदत द्यावयाची की पुन्हा लिलाव पुकारावयाचा, याचा निर्णय सरकारला त्याआधी घ्यावाच लागेल.

या साऱ्या कथेत श्रोता कोठे आहे? सरकारने आपली तिजोरी पाहिली, केंद्रचालकांनी आपला नफा-तोटा पाहिला, दोघांत घासाघीस झाली, तिचे नियम झाले. या सौद्यात ज्याच्या कानांचा व्यापार चालला होता, त्याला कोणी बोलावलेच नाही! नूतनीकरणाची पावती फाटली. हिशेब मात्र कोणी मागितला नाही.

वस्तुतः हिशेब मागण्याचा हक्क या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने कधीच देऊन ठेवला आहे. 9 फेब्रुवारी 1995 रोजी बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्राने स्पष्ट सांगितले, की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी झाला पाहिजे. एका मराठी न्यायमूर्तीच्या लेखणीतून उतरलेले हे तत्त्व आज नभोवाणीच्या प्रत्येक परवान्याचा पाया आहे. मालक जनता आहे. सरकार विश्वस्त आहे. केंद्रचालक हा मुदतीचा कूळ आहे. कुळाने खंड भरला म्हणून जमीन कशी राखली हे विचारावयाचे नाही, असे कोणता मालक म्हणेल?

तिसऱ्या टप्प्याच्या नियमांत भाषेचा उल्लेख अगदीच नाही असे नाही. एका शहराचा कार्यक्रम दुसऱ्या शहरात जोडून ऐकवणाऱ्या केंद्राने दिवसाच्या प्रक्षेपणापैकी किमान 20 टक्के भाग त्या शहराच्या स्थानिक भाषेत द्यावा, अशी अट त्यांत आहे. अट चांगली आहे. पण तिच्यातले एकवचन पाहा. स्थानिक भाषा! शहराला जणू एकच जीभ असते. इंदूरची स्थानिक भाषा कोणती? हिंदी म्हणाल तर ती आहेच. मग माळवी कोणाची? शतकांपासून नांदलेली मराठी कोणाची? फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी बांधवांची सिंधी कोणाची? ज्या नियमाने एका भाषेला जागा दिली आणि बाकीच्यांना नकळत दाराबाहेर ठेवले, त्याने न्यायाचे अर्धेच काम केले. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 234 नव्या शहरांत 730 वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, तेव्हा मातृभाषेतला स्थानिक आशय वाढेल असे सरकारनेच सांगितले. सरकारच्या तोंडी मातृभाषा हा शब्द आला, याचे आम्ही स्वागत करतो. पण कोणाच्या मातेची भाषा, हे परवान्याच्या कागदावर लिहिल्याशिवाय तो शब्द फळास येणार नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला व्यापाऱ्याचा. तो म्हणेल, मराठी कार्यक्रमाला जाहिरात मिळणार नाही. तोट्यात केंद्र कोण चालवील? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. पहिल्या टप्प्यात फीच्या बोजाने केंद्रे बुडाली, ते वर सांगितलेच आहे. म्हणूनच आमची मागणी दिवसभर मराठी ऐकवा अशी नाही. आठवड्यातून काही ठराविक तास, तेही मध्यरात्री नव्हे तर माणसे जागी असताना, एवढेच आम्ही म्हणतो. आणि जो केंद्रचालक शहरातल्या लहान भाषांना असा वेळ देईल, त्याला सरकारने शुल्कात सवलत द्यावी असेही म्हणतो. लहरीचे मोल फक्त रुपयांत घेणाऱ्या सरकारने थोडे मोल भाषेच्या रूपाने घेतले, तर तिजोरीला भोक पडणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आमच्या मनातलाच आहे. नूतनीकरणाच्या वेळी सरकार कार्यक्रम तपासू लागले तर नावडत्या आवाजाचा गळा दाबण्याची दोरी त्याच्या हाती येणार नाही काय? येईल, जर तपासणी मताची असेल तर. सरकारवर कोणी काय टीका केली, हे नूतनीकरणाच्या कागदावर येताच कामा नये. तपासावयाचे ते फक्त मोजता येईल असे: किती तास, कोणत्या भाषेत, कोणत्या वेळी, आणि शहरात तयार झालेला कार्यक्रम किती. हे मोजमाप मंत्रालयाने नव्हे, स्वतंत्र नियामकाने करावे आणि ते छापून लोकांपुढे ठेवावे. उघड्यावर मोजलेले माप सहसा खोटे ठरत नाही.

श्रोत्याने नूतनीकरणाला हरकत घ्यावी, ही कल्पना कोणाला स्वप्नवत वाटेल. पण जगात ती घडलेली गोष्ट आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात जॅक्सन या शहरी डब्ल्यूएलबीटी नावाचे दूरचित्रवाणी केंद्र होते. त्याच्या प्रेक्षकांत काळ्या नागरिकांचे प्रमाण दोन-पंचमांशांहून अधिक. पण त्यांची बाजू, त्यांचे नेते, त्यांचे जगणे यांना पडद्यावर थारा नव्हता. 1964 साली युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या संस्थेने आणि तेथल्या नागरिकांनी केंद्राच्या परवाना-नूतनीकरणाला हरकत घेतली. हरकत घेण्यापूर्वी त्यांनी काय केले, ते लक्षात घ्यावे. मार्च महिन्यात एक आठवडाभर स्वयंसेवक केंद्राचे प्रक्षेपण पाहात बसले आणि काय दाखवले, काय गाळले याची टिपणे त्यांनी ठेवली. नियामकाने त्यांना म्हटले, तुमचा यात आर्थिक संबंध नाही. तुम्हांला बोलण्याचा अधिकार नाही. 1966 साली अपील न्यायालयाने, पुढे तेथले सरन्यायाधीश झालेल्या वॉरन बर्गर यांच्या निकालपत्राने, ठरवले की प्रेक्षक-श्रोत्याला तो अधिकार आहे. 1969 साली त्या केंद्राला मिळालेले नूतनीकरण न्यायालयाने रद्द केले. कागद, पेन्सिल आणि सात दिवसांची चिकाटी यांनी एका मस्तवाल केंद्राला वठणीवर आणले! कॅनडात तर बहुभाषक नभोवाणी केंद्राच्या परवान्यातच किती भाषिक समूहांसाठी किती भाषांत कार्यक्रम द्यावयाचे याचे आकडे घातलेले असतात, आणि नूतनीकरणाच्या वेळी ते पुन्हा काढून पाहिले जातात. जे तेथे होते ते भाषांच्या या देशात का होऊ नये?

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आणि स्पष्ट आहेत. 2030 पूर्वी जे नियम होतील त्यांत, परवान्याची मुदत संपण्याआधी केंद्राने आपल्याच लहरींवरून, शहरातल्या प्रमुख भाषांतून, श्रोत्यांना तशी सूचना द्यावी. भाषावार तासांचा तक्ता प्रसिद्ध करावा. सुनावणी दिल्लीच्या दालनात न होता त्या शहरात व्हावी आणि तेथे सामान्य श्रोत्याला बोलता यावे. स्थानिक भाषा या एकवचनाच्या जागी स्थानिक भाषा आणि बोली असे अनेकवचन यावे, आणि त्या कोणत्या हे जनगणनेच्या आकड्यांवरून ठरावे. राज्यघटनेच्या 29 व्या कलमाने प्रत्येक भाषिक समूहाला आपली भाषा राखण्याचा हक्क दिला आहे. लहरींच्या बाबतीत तो कागदावरच राहू नये. हे आजच मागावयाचे, कारण याहून मोठा बदल दाराशी आला आहे. आज खासगी केंद्राला आकाशवाणीचीच बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवता येतात. परंतु 5 सप्टेंबर 2023 रोजी दूरसंचार नियामकाने तासाला 10 मिनिटे स्वतःच्या बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली आहे. ती उद्या मान्य झाली, तर भाषेचा प्रश्न गाण्यांपुरता उरणार नाही. शहराची बातमी कोणाच्या भाषेत सांगितली जाते, इथवर तो जाईल.

आकाशवाणीला परवान्याचे नूतनीकरण नाही म्हणून ती सुटली असेही नव्हे. 1990 च्या प्रसार भारती कायद्याच्या 12 व्या कलमाने देशातल्या विविध संस्कृतींना आणि भाषांना पुरेसे स्थान देण्याचे कर्तव्य तिच्यावर टाकले आहे. ज्या इंदूर केंद्राने माळवीला मखरात बसवले, त्याच्याकडून मराठीसाठी याच कर्तव्याचे पालन मागण्याचा हक्क इंदूरकरांना आहे.

आता चार शब्द आपल्याच माणसांना. केवळ सरकारकडे बोट दाखवून भागणार नाही. सामुदायिक नभोवाणीचे दार 2002 साली शिक्षणसंस्थांना आणि 2006 साली लोकसंस्थांना उघडले. किमान तीन वर्षे लोकांत काम केलेली नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने घडावा आणि तो शक्यतो स्थानिक भाषेत वा बोलीत असावा, असे नियमच सांगतो. परवान्याची मुदत पूर्वी 5 वर्षे होती, ती 2024 पासून 10 वर्षे झाली आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडसारख्या दुष्काळी गावातून माणदेशी तरंग वाहिनी 2008 पासून बोलते आहे. म्हसवडला जे साधले ते तीन संमेलने भरवणाऱ्या इंदूरच्या मराठी संस्थांना का साधू नये? आणि तोवर निदान जॅक्सनच्या नागरिकांनी केले तेवढे तरी करावे. चार तरुणांनी सात दिवस रेडिओपुढे वही घेऊन बसावे आणि कोणत्या भाषेला किती मिनिटे मिळाली ते लिहून काढावे. भाषणांनी जे होत नाही ते अशा एका वहीने होते.

आणि जो न्याय आम्ही मागतो तो आम्हांला द्यावाही लागेल. इंदुरात मराठीला जागा मागणाऱ्याने सोलापुरात कन्नडला, तेलुगूला आणि उर्दूला जागा नाकारली, तर त्याच्या मागणीला नैतिक बळ राहणार नाही. आम्ही सीमावासी हे वारंवार सांगत आलो आहोत, की आमचे भांडण कोणत्याही भाषेशी नाही. भांडण आहे ते एका भाषेने दुसरीचा श्वास कोंडण्याशी. तत्त्व एकच आणि ते सर्वत्र सारखे लागू: लहर सर्वांची आहे, तिच्यावर बसणाऱ्याने सर्वांना जाब दिला पाहिजे.

मार्च 2030 दूर वाटते, पण नियम त्याआधीच लिहिले जातील, आणि एकदा लिहिले गेले की पुन्हा 15 वर्षे ते कोणी उघडणार नाही. आज इंदुरात जन्मलेले मराठी मूल तेव्हा शाळेच्या उंबरठ्यावर असेल. ती मुदत संपेल तेव्हा ते संसाराच्या उंबरठ्यावर असेल. मधल्या काळात शहराच्या हवेतून त्याच्या आजीची भाषा त्याच्या कानी पडणार की नाही, याचा निवाडा या चार-दोन वर्षांत होणार आहे. म्हणून इंदूरकरांनी आजच वही उघडावी, आणि सीमाभागाने त्यांच्या पाठीशी उभे राहावे. फीची पावती सरकारने खुशाल फाडावी. पण त्याआधी लहरींच्या मालकाला हिशेब मिळालाच पाहिजे!